टेली मानस 14416 : ज्याच्याबद्दल ‘त्याला काय कमी आहे?’ असे म्हणतात, त्याच्यासाठी

केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनीवरील मानसिक आरोग्यसेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. 14416 हा क्रमांक लावायचा, भाषा निवडायची, की पलीकडून प्रशिक्षित समुपदेशक बोलू लागतो. दिवसा किंवा रात्री केव्हाही, आणि विनामूल्य. बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था या योजनेच्या केंद्रस्थानी आहे. वीस भाषांत ही सेवा मिळते, त्यांत मराठीही आहे, आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून 18 लाखांहून अधिक फोन तिथे घेतले गेले होते. एवढी माहिती सरकारी पत्रकातही मिळेल. मला मात्र या सेवेकडे एका निराळ्या बाजूने पाहायचे आहे. फुकट आहे म्हणजे ती गोरगरिबांसाठी आहे, आपल्याला तिची गरज काय, असा जो समज आमच्या बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीच्या सुखवस्तू घरांत पक्का बसला आहे, तो कितपत खरा आहे हे मला तपासायचे होते.

हा समज अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करतो. पैसा माणसाला निराशेपासून मुळीच वाचवत नाही, असे म्हणणे ऐकायला बरे वाटले तरी आकडेवारी त्याला दुजोरा देत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे 2021 मध्ये देशात 1,64,033 जणांनी आत्महत्या केली, आणि त्यांपैकी 1,05,242 जणांचे, म्हणजे जवळपास 64 टक्के लोकांचे, वार्षिक उत्पन्न 1 लाख रुपयांच्या आत होते. आणखी 32 टक्क्यांच्या आसपास लोक 1 ते 5 लाखांच्या गटातले होते. वडगाव-शहापूरच्या मागावर बसणाऱ्या विणकराला किंवा निपाणीच्या विडी कामगार बाईला एक मोठे आजारपण जिथे आणून सोडते, तिथे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कारखानदार सहसा पोहोचत नाही, कारण मधे विमा असतो, ठेवी असतात, वेळेला उभे राहणारे नातेवाईक असतात. तेव्हा पैसा संरक्षण देतो, यात शंका नाही. पण त्याच नोंदीत 5 लाखांच्या वर कमावणारे जे चार-साडेचार टक्के उरतात, ती साडेसहा हजारांवर माणसे आहेत, आणि मुळात आपल्या देशात एवढे कमावणारेच थोडे. शिवाय या नोंदी पोलिसांच्या कागदावरून होतात, आणि मोठ्या घरांत काय लिहिले जाते, काय लिहिले जात नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

कीर्तीचे तर त्याहून अवघड आहे. साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपले जीवन संपवले. त्याच्या तीनच वर्षे आधी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले होते आणि ते यशस्वी झाले होते. त्यांच्याइतके प्रेम वाट्याला आलेले मराठी लेखक मोजकेच असतील. नामांकित कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2 ऑगस्ट 2023 रोजी कर्जतच्या आपल्याच स्टुडिओत आत्महत्या केली, आणि त्या स्टुडिओवरच्या मोठ्या कर्जाची चर्चा त्यानंतर झाली. आपल्या कर्नाटकातले कॉफी उद्योजक व्ही. जी. सिद्धार्थ 2019 च्या जुलैमध्ये गेले, तेव्हाही घेणेकऱ्यांच्या दबावाचा विषय निघाला. यांतल्या कोणाच्याही मृत्यूला एकच एक कारण चिकटवणे बरोबर नाही, कारण आत्महत्येमागे बहुतेक वेळा आजार, परिस्थिती आणि एकटेपणा यांची गुंतागुंत असते. तरीही या मोठ्या माणसांकडे पाहताना एक गोष्ट जाणवते. त्यांच्याजवळ माणसांची वानवा नव्हती. पण ज्याच्याकडे सारे मागायला येतात, त्याने कोणाकडे काय मागायचे?

उलट उदाहरणही कर्नाटकातलेच आहे. बेंगळुरूत वाढलेल्या दीपिका पदुकोण यांनी 2015 मध्ये, यश भरात असताना, आपल्याला नैराश्याने गाठले होते हे उघडपणे सांगितले. ते आईने ओळखले आणि मग उपचार झाले. म्हणजे तिथेही उपयोगी पडले ते शेजारी बसलेल्या माणसाचे लक्ष.

आता बेळगावात अशा माणसाने जायचे कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसोपचाराची जुनी संस्था दीड-दोन तासांवर आहे. तज्ज्ञांचे दुर्भिक्ष्य आहे असे म्हणता येणार नाही. अडचण आहे ती दवाखान्याच्या पायरीची. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात मी नातलगाबरोबर गेलो होतो. तिथे बाहेरच्या टेबलावरची मुलगी पुढच्या रुग्णाचे नाव आडनावासकट मोठ्याने पुकारत होती, आणि बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे लोक कोणाच्या ना कोणाच्या लग्नात भेटलेले निघाले. आमच्याकडे ‘याला धारवाडला धाडायला पाहिजे’ हे वाक्य आजही चेष्टेत म्हटले जाते, आणि चेष्टा असली तरी ती ऐकणारा गप्प बसतो. मग पैसेवाली माणसे काय करतात, तर मिरज, कोल्हापूर नाहीतर थेट पुणे गाठतात. पैशाने हे अंतर विकत घेता येते. पण त्या अंतराबरोबर उशीरही येतो: अपॉइंटमेंट, गाडी, घरी सांगायला एखादे कारण, कारखान्याला सुट्टी. जो सगळ्या सोयी असलेला आहे, तोच उपचारापर्यंत महिनोन् महिने पोहोचत नाही. निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले होते. हे सगळेच पैशाअभावी घरी बसले असतील, असे मला वाटत नाही.

माझ्या बहिणीचे यजमान फाउंड्रीच्या धंद्यातले. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ऑर्डरी थांबलेल्या, कास्टिंगचा एक मोठा लॉट परत आलेला, बँकेचा हप्ता आणि कामगारांचे पगार एकाच आठवड्यात आलेले, आणि बाहेरून पाहावे तर नवी गाडी, मुलीच्या लग्नाची बोलणी, गणेशोत्सव मंडळाच्या पावतीवर पहिल्या दोघांत नाव. व्यापारात पत हेच भांडवल असते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची हे आमच्याकडच्या प्रत्येक पेढीवर न लिहिताही पाळले जाते. बहिणीने मला एवढेच सांगितले, की ते पहाटे तीनला उठून हॉलमध्ये नुसते बसलेले असतात. एका संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाच्या कडेला गाडी लावून मी त्यांना म्हटले, “दाजी, तुम्ही माझ्याशी बोलू नका, पण इथे बोला,” आणि क्रमांक लावून फोन त्यांच्या हातात दिला. फोन स्पीकरवर होता.

पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा विचारले, की आपल्याला कोणत्या नावाने हाक मारू. पूर्ण नाव, धंदा, पत्ता यांपैकी काहीच नाही. दाजींनी भलतेच नाव सांगितले आणि तिथेच त्यांचे खांदे थोडे सैल झाले, हे मी शेजारून पाहिले. सुरुवात “तसं काय न्हाई हो, झोप तेवढी येत न्हाई” अशी झाली. बाईंनी झोपेचेच धरून ठेवले: किती वाजता जाग येते, जाग आल्यावर डोक्यात काय चालते, जेवण कसे आहे, दारू वाढली आहे का, आधी कशात मन रमायचे आणि आता ते रमते का. बऱ्याच वेळाने त्यांनी सरळ विचारले, “जगणं संपवावं असे विचार येतात का?” मी दचकलो. आपल्याकडे हा प्रश्न तोंडातून काढणे अभद्र समजतात, जणू काही विचारल्यानेच ती कल्पना डोक्यात शिरेल. वास्तविक सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे या क्षेत्रातले जाणकार आवर्जून सांगतात. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “येतात. पण पोरीचं लग्न हाय.” त्यानंतर बाईंनी मला गाडीतून थोडे बाजूला व्हायला सांगितले, आणि ते योग्यच होते.

पुढे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. त्यानंतर दाजी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, औषधे सुरू झाली, आणि कर्जाचे हप्ते बँकेशी बसून बदलून घेतले. कर्ज फोनने फिटले नाही, हे उघड आहे.

या सेवेची रचना याच कामासाठी केलेली आहे. पहिल्या पातळीवर राज्याच्या केंद्रातले समुपदेशक आणि तज्ज्ञ बोलतात. गरज दिसली तर दुसऱ्या पातळीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांकडे पाठवले जाते, अथवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सेवेवरून दृक्श्राव्य सल्ला मिळतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून तिचे मोबाइल ॲपही आले आहे. पण माझ्या दृष्टीने तिचे सर्वांत मोठे मोल तिच्या निनावीपणात आहे. ती नाव ओळखत नाही, हैसियत विचारत नाही, आणि फी घेत नसल्यामुळे ‘मोठ्या गिऱ्हाइकाला’ वेगळी वागणूकही देत नाही. दाजींसारख्या माणसाला आयुष्यात कधी नव्हे तो पत सांभाळण्याची गरज नसलेला श्रोता मिळतो. कितीही पैसे मोजले तरी बेळगावात हे मिळणार नाही, कारण इथे जो पैसे घेईल तो ओळखीचा निघेल.

मराठीविषयी थोडे. सीमाभागात सरकारी कागद कोणत्या भाषेत मिळतो, हा वाद पिढ्यान् पिढ्यांचा आहे आणि तो इथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. पण हिशेब आणि दरपत्रके माणूस कन्नडात किंवा इंग्रजीत सहज बोलतो, आणि ‘डोस्क्यात सारखं भिरभिरतंय’ हे मात्र त्याला आईच्याच भाषेत सांगता येते. कर्नाटकात राहून मराठी निवडता येणे, ही इथे चैनीची बाब नाही.

पोलिसांची भीती हाही एक मोठा अडसर असतो, विशेषतः प्रतिष्ठित घरांत. त्याबाबत कायदा बदलला आहे, हे माहीत असावे. 2018 पासून अमलात असलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंडसंहितेतले कलम 309 हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत तसे राहिलेले नाही. याच 2017 च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. ज्यांच्याकडे मोठ्या पॉलिसी आहेत त्यांनीच ही बाब सहसा वाचलेली नसते.

उणिवा आहेतच. फोनवरून चेहरा दिसत नाही. वजन किती उतरले आहे, हात थरथरतात का, हे समुपदेशकाला कळत नाही, आणि आयुष्यभर ‘सगळे ठीक आहे’ म्हणण्याची सवय असलेला व्यापारी आवाजावर चांगला ताबा ठेवतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंजच धड नसते, तिथे चोवीस तासांची सेवा हा कागदावरचा शब्द राहतो. जिवाला तातडीचा धोका असेल तर समुपदेशनाची वाट पाहू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, 112 ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे हा क्रमांक लोकांना ठाऊकच नाही. उद्यमबागेत मी ज्यांच्याकडे चौकशी केली, त्यांतल्या कामगारांपैकी एकदोघांनी आशा कार्यकर्तीकडून तो ऐकला होता. मालकांपैकी कोणीही ऐकला नव्हता. सुरक्षिततेचे फलक शेडमध्ये लागतात, केबिनमध्ये लागत नाहीत.

रुग्णाने स्वतःच फोन करावा असेही नाही. घरातला माणूस बोलायला तयार नसेल, तर त्याच्याशी कसे बोलावे, कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे, घरातली धोक्याची साधने कशी दूर ठेवावीत, हे विचारायला बायको, भाऊ किंवा मुलगी यांनाही 14416 लावता येतो. माझ्या बहिणीने दाजींना न सांगता नंतर तो लावला. इतके दिवस तिलाही तिच्या मैत्रिणी ‘तुला काय कमी आहे’ असेच म्हणत होत्या, हे तिने त्या फोनवरच पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले.