मरळीसाठी गरी की फेकजाळं?

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांचा, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावांचा, काठ उथळ असतो. गुडघाभर पाणी, खाली गाळ, वर कमळाची पानं. मरळ ही मासळी नेमकी तिथंच राहते. अशा जागी फेकजाळं वनस्पतींत अडकतं, त्याच्या कडेचे शिशाचे मणी तळाला नीट टेकत नाहीत आणि मरळ खालून चिखलात निसटते. मोकळ्या पाण्यातल्या रोहू-कतल्यासाठी मात्र जाळंच बरं.

गरीची, म्हणजे गळाची, गोष्ट वेगळी. मरळ हवा घ्यायला वर येते, पाणी हलतं आणि तिची जागा कळते. त्या जागेच्या थोडं पलीकडे गरी लावलेला रबरी बेडूक टाकायचा, पानांवरून हळूहळू ओढत आणायचा. झडप पडली की लगेच हिसका देऊ नका; क्षणभर थांबा, तिला तोंडात नीट धरू द्या. ही वाट पाहणंच मला सगळ्यात आवडतं.

पावसाळ्यात पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा थवा दिसला, तर दोन्ही साधनं बाजूला ठेवावीत. खाली आईबाप राखण करत असतात. ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी पडतात. जाळं तर पिल्लांसकट सगळंच उचलतं. एरवी माझं मत गरीलाच, फक्त तलाव ढिवरांच्या (मासेमार समाजाच्या) संस्थेकडे असेल तर आधी त्यांना विचारा.