सही आधी की पैसे आधी?

पावसाळ्यात फोंड्यात कुणाच्या गाडीवर माड कोसळतो, म्हापशात कुणाच्या दुकानात पाणी शिरते. नुकसान मोजणारा सर्वेअर येऊन जातो आणि मग विमा कंपनीकडून डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे सही करून परत द्यायची पावती, येते: ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली.’ खात्यात मात्र अजून छदामही जमा नसतो.

लगेच सही केली, तर फाइल पुढे सरकते. रक्कम पटली असेल आणि ती व्हाउचरवर आकड्यांत व अक्षरांत लिहिलेली असेल, तर सही करायला माझी हरकत नाही. रकमेची जागा कोरी असेल, तर मात्र पेन खिशातच ठेवा.

सही रोखून धरली, तर जास्त रक्कम मागण्याचा हक्क शाबूत राहतो, पण पैसेही अडकतात. गॅरेजवाला बिलासाठी थांबलेला असताना हे सगळ्यांना परवडत नाही, आणि कंपनीला ते पक्के ठाऊक असते.

म्हणून मला तिसरी वाट जास्त पटते. ‘हक्क राखून, हरकतीसह, अमुक रकमेपुरती’ असे लिहून सही करायची, प्रत ठेवायची आणि त्याच दिवशी ईमेलने हरकत कळवायची. विमा नियामकाने 2015 मध्येच कंपन्यांना बजावले आहे, की दाद मागणाऱ्या ग्राहकाविरुद्ध हे व्हाउचर ढालीसारखे वापरू नये. तरीही मुकाट्याने केलेली सही नंतर जड जाते; ती दबावाखाली केली हे ग्राहक आयोगासमोर तुम्हालाच पटवून द्यावे लागते. तक्रारीची मुदत दोन वर्षे.