मार्केट यार्डाजवळचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान, पाचपैकी चार स्टार

सांगलीत आधार, पॅन, दाखले, पेन्शन असलं काहीही काम असेल तर वसंतदादा मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीच्या गोडाऊनांच्या ओळीत जे छोटं ऑनलाइन सेवांचं दुकान आहे तिथंच जा. नाव लिहीत नाही, दुकान चालवणाऱ्या दादांनीच नको म्हणून सांगितलंय, आधीच गर्दी आवरत नाही म्हणे. यार्डात कुणालाही विचारा, दाखवतील.

मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते त्यामुळं अशा दुकानात गेलं की माझी नजर आधी कॉम्प्युटरवर जाते. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात डेस्कटॉपवर नावानिशी आधारच्या पीडीएफ पसरलेल्या, मागच्या गिऱ्हाइकाचं बँक पासबुक तसंच उघडं, आणि माझ्या आईचं आधार त्यांच्या व्हॉट्सॲपवर महिनाभर पडून होतं. इथं उलट आहे. पावती प्रिंट झाली की दादा स्क्रीन आपल्याकडं वळवतात, फाइल डिलीट, रिसायकल बिन रिकामी, व्हॉट्सॲपची चॅट पण आपल्यासमोर काढतात, आणि चुकून जादा निघालेली झेरॉक्स आपल्याच हातात देतात की घेऊन जा नाहीतर इथंच फाडा. आणि जिथं चालतंय तिथं मास्क्ड आधार काढून देतात, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्यांना हे कुणी शिकवलं नाही, मी विचारलं तर म्हणाले ताई, माणूस विश्वासानं देतोय ना कागद.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. नोव्हेंबरात पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याची रांग असते, त्यात साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका बसले होते, बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, नाही. दुसरं बोट, नाही. ओला रुमाल, कोरडा रुमाल, तरी नाही. काका ओशाळून म्हणाले, "ठसा उठत न्हाय ओ माझा, जाऊ द्या." दादा म्हणाले, "मशीनला दिसंना म्हणून तुम्ही काय खोटं होता व्हय काका, बसा, चेहऱ्यानं करू." जीवन प्रमाणला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन हयातीच्या दाखल्याला, २०२१ पासून फेस ऑथेंटिकेशन आहे, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं होतं, पण किती दुकानं ते करतात, बहुतेक ठिकाणी उद्या या म्हणून परत पाठवतात. दादांनी काकांना दारात उजेडाला बसवलं, चष्मा काढायला लावला, डोळे मिचकवा म्हणाले, आणि दाखला निघाला.

आमच्या चर्चमध्ये उपवासकाळात फादरांनी कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणुकीवर चर्चा ठेवली होती. ही शिकवण आधुनिक काळात सुरू होते ती १८९१ च्या पोप लिओ तेरावे यांच्या कामगारांवरच्या 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकापासून, आणि २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेण्याचं कारण सांगताना एआयचाच विषय काढला. तेव्हा मला वाटलं होतं की कॉम्प्युटरमधल्या जबाबदारीचं हे बोलणं रोमपुरतं, मोठ्या कंपन्यांपुरतं आहे. २०२० मध्ये तिथं 'रोम कॉल' म्हणून एआयच्या नीतीचा जाहीरनामा झाला, त्यावर मायक्रोसॉफ्ट, आयबीएमनी सह्या केल्या. त्यात कुणालाही वगळू नका, प्रायव्हसी जपा, आणि यंत्राच्या निर्णयाला उत्तर देणारा माणूस असू द्या असं आहे. वाचायला छानच आहे. पण झिजलेल्या बोटांच्या माणसाला वगळायचं की नाही हे शेवटी या काउंटरवर ठरतंय हे मला त्या दिवशी कळलं.

अजून एक. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी लिहिलंय की जे खालच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्यानं हिसकावून घेऊ नये. आता बघा, रेशन दुकानदार एखाद्या बाईला वीस वर्षं ओळखतो, तलाठी ओळखतो, सगळी गल्ली ओळखते, पण ही तीच आहे का हे कुठलातरी सर्व्हर ठरवतो आणि तो नाही म्हणाला तर दाद मागायला माणूसच नाही. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागत होते, मग दोघंही वारलेल्या बाईनं काय करायचं? नंतर वेगळी सोय झाली, पण फॉर्म डिझाइन करताना हळद निवडणारी एक विधवा बाई डोळ्यासमोर असती तर हे आधीच सुचलं असतं, आणि हे मी टेस्टिंगवाली म्हणून कळकळीनं सांगते कारण अशी टेस्ट केस, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायला घ्यायचा प्रसंग, लिहायचं काम आमचंच असतं. चर्च ज्याला गरिबांना प्राधान्य म्हणतं ते आमच्या कामात इथून सुरू व्हायला पाहिजे, पहिली टेस्ट केस त्या बाईची.

२०१९ च्या महापुरात ज्यांचे कागद भिजले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दादांनी डिजिलॉकर, म्हणजे कागद ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय, उघडून दिलंय, पासवर्ड त्यांच्याच घरच्या पोराच्या हातानं टाकायला लावून. हे मला फार आवडलं.

एक स्टार कापलाय तो दुकानातल्या ताईसाठी. सकाळपासून रात्री आठपर्यंत ती एकटी टायपिंग करते आणि रविवारी पण दुकान चालू, सुट्टीच नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेवरून येताना मला ती तिथंच दिसते. लिओ तेरावेंनी १८९१ मध्येच आठवड्याच्या विश्रांतीबद्दल लिहिलंय, जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये लिहिलं की तंत्रज्ञान माणसाचा साथीदार आहे पण वैरीही होऊ शकतं. गिऱ्हाइकाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसानं तिच्या पाठीची पण घ्यावी, एक दिवस सुट्टी आणि एक बरी खुर्ची. हे मी दादांना तोंडावर बोललेय, त्यांनी ऐकून घेतलं, बघतो म्हणाले.

दरपत्रक भिंतीवर लावलंय, त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त घेत नाहीत. सौद्यांच्या दिवसात गर्दी फार, बसायला जागा नाही, महिनाअखेरीला सर्व्हर रडतो. सकाळी दहाच्या आत जा, आधारला लिंक असलेला मोबाईल बरोबर न्या, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर हयातीचा दाखला चेहऱ्यानं करा म्हणून आधीच सांगा.