ढोकरी की हिरवा बगळा?

बेळगावात राहून यंदाच्या पावसाळ्यात एकाच पक्ष्याच्या मागं लागायचं असेल, तर मी ढोकरीच सांगेन. हिरवा बगळा पुढच्या वर्षी.

ढोकरी हाही एक छोटा बगळाच, आणि तिच्यासाठी लांब जावं लागत नाही. येळ्ळूर, वडगावच्या भातशिवारात बांधावर मान आत ओढून पोक काढून बसलेली असते ती हीच. तिला वंचकही म्हणतात, आणि खरंच फसवते. अंगावरच्या तपकिरी रेघा चिखलात अशा मिसळतात की चार पावलांवर जाईपर्यंत पत्ता लागत नाही. मग ती उडते, आणि त्या मातकट ढेकळातून एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात! कितीदा पाहिलं तरी मी दचकतोच. १८३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सनं तिचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही दख्खनच्या पक्ष्यांवर काम करताना. म्हणजे आपल्याच मुलखातली ही.

पावसाच्या तोंडावर तिचं रूप पालटतं. पाठ गर्द तांबूस होते, डोक्यामागं लांब पिसं येतात. चिंच, आंबा, वडावर बगळ्यांच्या वस्तीत काटक्यांचं घरटं, त्यात तीन ते पाच निळसर हिरवी अंडी. आई-बाप दोघं आळीपाळीनं उबवतात. खालून दुर्बिणीतून सगळं दिसतं. नवख्याला यापेक्षा काय हवं?

हिरवा बगळा अंगानं जवळपास तेवढाच, पण स्वभाव अगदी वेगळा. डोक्यावर काळी टोपी, अंग पाटीसारखं करडं, त्यावर हिरवट झाक. एकटा राहतो, घरटंही पाण्यालगतच्या झुडपात लपवतो. भातात शोधू नका. खानापूरजवळ मलप्रभेकाठी, पाण्यावर वाकलेल्या फांदीखाली पहाटे किंवा तिन्हीसांजेला बघा. मी दोन सकाळी बसलो, तेव्हा एकदा दिसला. मुळीवर दबून बसलेला, चोच पाण्याच्या जेमतेम वर, आणि कितीतरी वेळ पापणीसुद्धा हलली नाही. पाण्यावर किडा टाकून त्या आमिषानं मासा धरतानाही याच्या नोंदी आहेत. तेवढी बैठक असेल तर यालाच निवडा.

घोटाळा होतो तो याच्या पिल्लांमुळं. तीही तपकिरी, रेघाळ, थेट ढोकरीसारखी. पंख उघडेपर्यंत थांबा. पांढरे तर ढोकरी, करडे तर हिरवा बगळा. उडवायला दगड मात्र मारू नका, ते आपणहून उडतात.