हॅमंड ऑर्गनचे दोन अवतार

डीप पर्पल या रॉक बँडचा ‘डीप पर्पल इन रॉक’ आणि अ‍ॅटॉमिक रूस्टर या रॉक बँडचा ‘डेथ वॉक्स बिहाइंड यू’. दोन्ही अल्बम १९७०चे, दोन्ही इंग्लंडचे. ‘डीप पर्पल इन रॉक’मध्ये जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारं कीबोर्ड वाद्य) गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो आणि चर्चमध्ये शोभणारं ते वाद्य गिटारच्या तोडीस तोड गुरगुरतं. त्यातल्याच ‘चाइल्ड इन टाइम’ या गाण्याची सुरुवात मात्र ऑर्गनच्या हळुवार सुरांनी होते. पुढे गायक इयन गिलनचा आवाज किंकाळीपर्यंत चढतो, तेव्हा आजही अंगावर काटा येतो.

अ‍ॅटॉमिक रूस्टरच्या ‘डेथ वॉक्स बिहाइंड यू’मध्ये बासवादकच नाही! ऑर्गनवादक व्हिन्सेंट क्रेन डाव्या हाताने आणि पायाखालच्या पेडलांवर ती बाजू सांभाळतो. त्यामुळे आवाज पर्पलइतका भरीव नाही, पण जास्त काळोखा आहे. मुखपृष्ठावरचा, चित्रकार विल्यम ब्लेकने काढलेला रांगणारा राजा नेबुकद्नेझरही तसाच. ताकद हवी तर पर्पल ऐका. रात्री दिवे मालवल्यावर मी रूस्टरच लावतो.