सल्ले खरे होते, टायर जुनं होतं

आम्हाला गंडवणारा माणूस गोडबोल्या अजिबात नव्हता. तोंडाचा फटकळ होता. पहिल्याच भेटीत, औशाच्या पुढच्या एका हॉटेलवर चहा चालू असताना, आमच्यातल्या एकाच्या गाडीची चेन त्याने बोटाने उचलून बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मालक, ही चेन हाय का झोका? लेकराला बसवा हिच्यावर." सगळे हसले. मग त्याने डिकीतून पाना काढला, मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या धरून चेन ताणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. चहाचेही त्यानेच दिले.

रविवारी पहाटे गाड्या काढून नळदुर्ग, कपिलधार, अंबाजोगाई, खरोसा असं भटकणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात असे गट भरपूर आहेत आणि नवा माणूस गटात यायला फार काही लागत नाही. गाडी असली आणि बोलता आलं की झालं. त्याला दोन्ही जमत होतं. पोलिसांत अर्ज दिलेला असल्यामुळे त्याचं नाव इथे लिहीत नाही. एवीतेवी नाव बदलून तो दुसरीकडे गेलाच असेल. त्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या.

गटात त्याने बस्तान बसवलं ते थट्टेवर. आमच्यात एक जिल्हा परिषदेचे गुरुजी आहेत, ते स्प्लेंडरवर येतात. बाकीचे बुलेटवाले त्यांची टर उडवायचे. ह्याने पहिल्या दिवसापासून गुरुजींची बाजू घेतली. "स्प्लेंडरवाल्याला गॅरेज ठाऊक नसतं आन् बुलेटवाल्याला घर ठाऊक नसतं," हे त्याचंच वाक्य, ते पुढे आमच्याकडे म्हणीसारखं चालायला लागलं. स्वतःच्या बुलेटवरही बोलायचा: "खाली ऑइल गळंना झालं की समजायचं, आतलं संपलंय." असल्या माणसावर कोण कशाला संशय घेईल?

शिवाय तो जे सल्ले द्यायचा ते खरोखर बरोबर होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमची फसवणूक झाली ती याच जोरावर. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत बारीक रबरी रिंगा असलेली चेन पेट्रोलने धुवू नका, रबर खराब होतं, रॉकेल नाहीतर चेन क्लीनर वापरा आणि मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब मारा, हे त्याने सांगितलं. चेन दगडासारखी ताणू नका, किती ढिली हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटरची खालीवर हालचाल लागतेच, हेही त्यानेच सांगितलं. कारचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून बुलेटमध्ये ओतू नका. आपल्या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागतो, डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा, हेही. टायरची हवा गाडी थंड असताना मोजा, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं म्हणून दोन वर्षांनी बदला, ऑइलचा खालचा नट जीव खाऊन आवळू नका, अॅल्युमिनियमचे आटे जातात. यातलं काहीही आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला विचारा, तो हो म्हणेल. आम्ही विचारलंसुद्धा होतं, आणि तो हो म्हणाला होता.

पुढे त्याने बारीकसारीक सामान द्यायला सुरुवात केली. कुणाला स्पार्क प्लग, कुणाला क्लच केबल, कुणाला चेन ल्यूबचा डबा. दुकानापेक्षा पन्नास-शंभर रुपयांनी कमी, आणि माल अस्सल. एका मेडिकलवाल्या मित्राने प्लगचं खोकं दुकानातल्या खोक्याशी ताडून पाहिलं, सगळं जुळलं. "एका डेपोत ओळख हाय आपली," एवढंच तो म्हणायचा. कोणता डेपो, कुठला, ते कधी बाहेर आलं नाही आणि विचारायची वेळही आली नाही.

मग पावसाळा सरत आला. दिवाळीनंतर अजिंठा, पितळखोरा, म्हैसमाळ असा लांबचा दौरा ठरत होता. त्यानेच सुचवलं की निघण्याआधी सगळ्यांनी टायर आणि चेन सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट) बदलून घ्या, एकदम घेतलं तर भाव पडतो. माझ्या क्लासिक बुलेटचं मागचं टायर, ११०/९०-१८ मापाचं, आणि चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट मिळून बाजारात पाच हजारांच्या पुढे जात होतं. तो साडेतीनला देत होता. टायरवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता (सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला). त्याचं म्हणणं, बिल घेतलंत तर अठ्ठावीस टक्के सरकारला, नाही घेतलंत तर तुमच्या खिशात. आमच्याकडे हा हिशेब सगळ्यांना पटकन कळतो, वीट-वाळूपासून सोन्यापर्यंत.

पैसे आगाऊ, यूपीआयवर. क्रमांक टाकल्यावर पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. "मेव्हण्याचं खातं हाय, माझ्या खात्याची लिमिट संपलीय," असं उत्तर मिळालं. हे वाचणाऱ्यांनी इथे थांबावं. यूपीआयवर दिसणारं नाव बँकेतल्या खात्याचं असतं, ते ज्याच्याशी व्यवहार करताय त्याचं किंवा त्याच्या दुकानाचं नसेल तर पैसे पाठवू नका. नंतर पोलिसांनी पहिला प्रश्न हाच विचारला: पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याला तुम्ही ओळखता का? आमच्यातला एकही जण ओळखत नव्हता.

माल आला. खोकी चकचकीत, कंपनीच्या रंगाची. टायर काळेभोर, वर रबराचे बारीक केस उभे. बसवायलाही त्यानेच एक दुकान सांगितलं, बसवणावळ त्याच्याकडून. आणि वर सेवा अशी की, "जुनी टायरं हितंच टाका, भंगारवाला ओळखीचा हाय." माझ्या काढलेल्या टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती, पण नवं बसलंय म्हटल्यावर जुनं घरी कोण नेणार? पुढे काही महिन्यांनी तेच टायर मला गावातल्या एका दूधवाल्याच्या बुलेटला दिसलं. बाजूला कुंपणाच्या तारेने पडलेला ओरखडा होता, त्यावरून ओळखलं. त्याने ते बाराशेला घेतलं होतं. म्हणजे ह्या गड्याने आम्हाला विकून कमावलं आणि आमच्याकडून फुकट घेऊनही कमावलं. हे ऐकून गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

उघडकीस आलं ते पंक्चरमुळे. परतीचा पाऊस झाला होता, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर काळा चिखल आणून टाकला होता, आणि मागचं चाक सारखं सरकत होतं. हळू चालवत होतो म्हणून पडलो नाही. पुढे टायरात खिळा निघाला आणि रस्त्याकडेच्या एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. म्हातारा माणूस. चाक खोलायच्या आधीच टायरकडे बघत म्हणाला, "कुणी बसवलंय हे? बाण उलटाय."

टायरच्या बाजूला चाक कोणत्या दिशेने फिरायला हवं त्याचा बाण असतो. माझा बाण मागे बघत होता. त्याने चाक काढलं, चेनकडच्या बाजूवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला आणि तिथे लंबगोल चौकटीतले चार आकडे दाखवले: ३८१७. "वाढदिवस बघितलाव का ह्याचा? अडतिसावा आठवडा, सतरा साल." पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा शिक्का बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण उमटवलेला असतो. ती बाजू चेन आणि स्प्रॉकेटच्या आड जावी म्हणून टायर उलटं बसवलं होतं.

टायर वापरलेलं नव्हतं, म्हणून तर केस शाबूत. पण वर्षानुवर्षं कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात पडून होतं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच बघा. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्याला धरत नाही. म्हाताऱ्याने अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवून दाखवलं, रुतलंच नाही. शेजारच्या नव्या टायरमध्ये रुतलं. वरचा काळेपणा पॉलिशचा होता, फडक्याला लागला.

घरी येऊन बाकीच्यांना फोन केले. दोघांच्या टायरवर बाण उलटे निघाले. एकाचा बाण बरोबर होता, पण आकड्यांच्या जागी ग्राइंडर फिरवलेला. चेन सेटची गत वेगळी होती. ते जुने नव्हते, नकली होते. गुरुजींनी स्प्लेंडरला बसवलेल्या चेनला लवकरच किटकिट सुरू झाली, मागच्या चक्राचे दाते वाघनखासारखे एका बाजूला वळले. आमच्या मिस्त्रीने कानस आणली. चांगल्या स्प्रॉकेटच्या दात्यांना कडकपणा दिलेला असतो, कानस त्यावरून निसटते. ह्याच्या दात्यावर ती लगेच चावली, भुगा पडला. चेनच्या कड्यांवर कंपनीचा ठसा हवा होता, तो फक्त जोडकडीजवळच्या चार-दोन कड्यांवर होता. खोकं उघडल्यावर नजर पहिल्यांदा तिथेच जाते ना.

त्याला गाठलं तेव्हा तो आधी हसला. "मालक, तुम्ही टायर चालवायलाव का पत्रिका बघायलाव?" असं म्हणाला. आणि खरं सांगतो, दोघंतिघं हसलेसुद्धा. मग म्हणाला, वरूनच माल तसा आला, बदलून देतो. महिना गेला. मग त्याने जे केलं ते मला सगळ्यात जास्त लागलं: आमच्यातल्या एकाचा भाऊजी पोलीस खात्यात आहे, त्याचे पैसे त्याने गुपचूप परत केले, "इतरांना सांगू नका" म्हणून. दुसऱ्या एकाला अर्धे दिले. गटात फूट पडली. ज्यांचे पैसे आले ते म्हणायला लागले की माणूस वाईट नाही, अडचणीत आहे. ज्यांचे आले नाहीत ते एकमेकांकडे बघत राहिले. काही जण तर लाजेपायी तक्रारीला आलेच नाहीत. गाड्यांतलं कळतं म्हणून मिरवणाऱ्याला सात-आठ वर्षांचं टायर विकलं गेलं, हे ठाण्यात जाऊन कोण सांगणार? मग त्याचा फोन बंद झाला.

ठाण्यात फौजदारांनी बिल मागितलं. बिल नव्हतं. तरीही अर्ज घेतला गेला, कारण मेडिकलवाल्या मित्राने गप्पांचे सगळे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याचे यूपीआय व्यवहार क्रमांक आणि टायरच्या शिक्क्याचे फोटो क्रमाने लावून नेले होते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे. लोकांच्या तोंडी अजून चारशेवीसच असलं तरी १ जुलै २०२४ पासूनच्या प्रकाराला नवं कलम लागतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत केला तरच तो गोठवायला उपयोगी पडतो. आम्ही बदलून देण्याची वाट बघत महिना घालवला होता, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. दुकानदाराने असा माल मारला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. पण समोर दुकानच नाही, पाटी नाही, बिल नाही, तर नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची हा प्रश्न आमच्यापुढे अजून आहे.

टायर घेताना चार आकडे बसवण्याआधी बघा, बसवल्यावर बाण बघा, आणि दुकान आपण निवडा, विकणाऱ्याने सांगितलेलं नको. जुनं टायर घरी आणा किंवा डोळ्यांदेखत कापून टाका. कुणी बिल नको म्हणत असेल तर तिथून उठा, मग तो चेन कितीही छान ताणून देवो.

त्याने ताणून दिलेली ती पहिली चेन मात्र अजून बरोबर चालते म्हणे. ज्याची गाडी आहे तो अर्जावर सही करायला तयार नाही. ऐकण्यात आलंय की गोदावरीच्या पलीकडच्या एका गटात सध्या एक फटकळ बुलेटवाला आलाय, स्प्लेंडरवाल्यांची बाजू घेतो, प्लग स्वस्तात देतो. तोच आहे असं मी म्हणत नाही. पण त्या भागात कुणी डेपोतल्या ओळखीचं टायर आणि चेन सेट आगाऊ पैसे भरून घेतला असेल, तर व्यवहार क्रमांक पुसू नका आणि खात्यावर दिसलेलं नाव लिहून ठेवा. आमच्या अर्जातल्या नावाशी ते जुळलं, तर दोन्ही तक्रारी एकत्र लावता येतील.