धरमपेठेतील इंग्रजी लेखनवर्ग : एक अभिप्राय

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत अहवाल, प्रबंध किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची उत्तरे लिहावी लागणाऱ्यांसाठी धरमपेठेत एक छोटा लेखनवर्ग चालतो. या हिवाळ्यात मी तेथे जात होतो, आणि नागपुरात या रीतीने शिकवणारा दुसरा वर्ग माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या दिवशी व्याकरणाची चाचणी होत नाही. आजवर आपण मराठीत काय लिहिले, कोणासाठी आणि कशासाठी लिहिले, हे प्रत्येकाला सांगावे लागते.

शाळेतला निबंध, मुख्याध्यापकांना केलेला अर्ज, विज्ञानाची प्रयोगवही असे सारे त्यात निघते. प्रयोगवहीतील साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान हा क्रम तांत्रिक अहवालात बराचसा तसाच उपयोगी पडतो, हे लवकर लक्षात येते. निबंधाचे प्रकरण अवघड आहे. सुभाषिताने आरंभ करून, विषय फुलवत नेऊन मत शेवटी मांडण्याची सवय आयेल्ट्सच्या 250 शब्दांच्या निबंधात आड येते, कारण तेथे भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट राहावी लागते; आणि याच परीक्षेच्या अकॅडेमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या, प्रकारातील 150 शब्दांच्या आलेखवर्णनात तर स्वतःचे मत द्यायचेच नसते, तरीही निबंधाच्या ओघात ते लिहून होते.

एका कामात शिकलेले दुसऱ्या कामात कसे उतरते, याबाबत पर्किन्स आणि सॅलोमन या शिक्षणमानसशास्त्रज्ञांनी केलेल्या भेदाचा शिकवणाऱ्या मॅडम आधार घेतात: सारख्या दिसणाऱ्या कामात जुनी सवय आपोआप उतरते, पण वेगळ्या दिसणाऱ्या कामात आधी थांबून त्यामागचे तत्त्व ओळखावे लागते. म्हणून प्रत्येक लेखनाआधी, जुन्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याचे टिपण त्या मराठीतच लिहून घेतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांनी 1966 मध्ये परिच्छेदाच्या घडणीचा संबंध मातृभाषेशी जोडला होता. त्यावरचा आक्षेपही मॅडमनी नीट समजावला, की अशा सवयींत शाळेने करून घेतलेल्या सरावाचा वाटा मोठा असतो. मराठीत विचारच करू नका, असे दटावणाऱ्या वर्गांपेक्षा ही पद्धत मला कितीतरी न्याय्य वाटते.

उणिवाही आहेत. संध्याकाळच्या तुकडीत गर्दी असल्याने तपासलेले लेखन उशिरा परत मिळते, आणि कार्यालयीन ईमेलसाठी फारच थोडा वेळ दिला जातो. परीक्षा महिन्याभरावर आलेल्यांना हा वेग परवडणार नाही. प्रबंध लिहायला बसण्यापूर्वी हाती सवड असलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र येथे अवश्य नाव घालावे.